वहिनीच्या वाट्याचं कारलं

बातमी घेऊन म्हादबा आला तेव्हा त्याच्या हातात कारली होती. माझ्या माहेरच्या कळस गावाहून भाजीचा ट्रक बारामतीच्या बाजाराला येतो, त्यावर तो असतो. बाजाराच्या दिवशी माझ्या वहिनीनं दिलेली मेथीची जुडी, शेवग्याचा पाला, जे काही असेल ते माझ्या दारात ठेवायचं, "बाई, कळसची डाक!" म्हणून ओरडायचं आणि पुढं जायचं, हा त्याचा शिरस्ता. त्या दिवशी तो ओरडला नाही. मी शाळेला निघायच्या घाईत पदर खोचत दाराशी आले, तर हा उंबऱ्याबाहेर नुसताच उभा. हातात फडक्यात बांधलेली कारली, आणि ती द्यावीत की न द्यावीत हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. "बाई... वैनी गेल्या. पहाटं. तात्या म्हनलं, बाईंना संगं घिऊनच ये," एवढं बोलला आणि फडकं माझ्यापुढं धरलं. "कालच तोडून ठिवल्याली, तुमच्यासाठनं." मी ती घेतली. आत जाऊन टोपलीत ओतली, पाण्याचा हंडा झाकला, शेजारणीला शाळेत निरोप द्यायला सांगितलं, कुलूप लावलं. रडू आलं ते ट्रकमध्ये, रिकाम्या पाट्यांच्या मधे बसल्यावर. आलं ते मग थांबेचना.

याला आता दीड-दोन महिने होऊन गेले. अजून कुणी ना कुणी भेटायला येतं, "अहो, एवढं झालं तरी काय होतं त्यांना?" म्हणून विचारतं, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून जीव आंबून गेलाय. खरं सांगायचं तर एकदाच काय ते लिहून टाकावं आणि पुढच्या माणसाच्या हातात या मासिकाचा अंक ठेवावा, अशा आळशी विचारानं मी लिहायला बसले आहे. मला कुणाला शहाणं करायचं नाही. दिवसभर पोरींना शिकवून माझा शिकवण्याचा उत्साह शाळेतच संपतो, घरी आणायला उरत नाही.

हौसाबाई ही माझ्या थोरल्या भावाची बायको. गाव त्याला तात्या म्हणतं, मी दादा म्हणते. वहिनीचं माहेर लासुर्ण्याचं. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. आमच्या कळसच्या रानातही पाटाचं पाणी येतं, पण दादाचा जीव उसापेक्षा भाजीपाल्यात. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत गुळाची एक अख्खी ढेप आली होती, आणि ती ढेप तिनं नि मी मिळून संपवली हे आमच्या आईला कळलं तेव्हा दोघींना एकाच दमात शिव्या बसल्या. मी तेव्हा परकर नेसणारी चिमुरडी, तरी ती मला रीतसर "वन्सं, तुमी" म्हणायची आणि मी तिला "वैनी, तू." भाकरीवर गुळाचा खडा ठेवून, वर तेलाची धार सोडून ती जे खायची त्याला ती 'माहेर' म्हणत असे. "वन्सं, जरा माह्यार खाऊन येते," म्हणायची आणि डब्यात हात घालायची. अंगानं भरलेली, हसली की सगळी हलायची. मोठ्यानं हसते म्हणून आईनं तिला पुष्कळ टोकलं. काही उपयोग झाला नाही.

माझ्या कपाळाचं कुंकू गेलं आणि मी कळसला परत आले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी आता चुलीपाशी बसणार. वहिनी म्हणाली, "चुलीपाशी मी हाय की! दोघी बसून काय भाकरीची चळत आभाळाला लावायची हाय? त्यास्नी शाळंत घाला." दादाला तिनं इतकं भंडावून सोडलं की तो शेवटी कंटाळून मला बारामतीला घेऊन आला. मी मास्तरीण झाले ती अशी, तिच्या हट्टानं. पगार झाला की मी तिला काहीबाही घेऊन जायची, ती म्हणायची, "पेढं आना वन्सं, लुगडी हायत मला." मी पेढे न्यायची.

दादाचं दुखणं पहिल्यांदा लक्षात आलं ते मुंग्यांमुळं. हे लिहिताना मला संकोच वाटतो, तुम्हाला वाचताना वाटेल; पण आजाराला असला संकोच नसतो, तेव्हा स्पष्टच लिहिते. दादा जिथं लघवीला जाई तिथं मुंग्यांची रांग लागलेली वहिनीनं पाहिली. त्यात तो तांब्यामागून तांब्या पाणी ढोसायचा, खायचा दोन माणसांचं आणि वाळत चाललेला. बाराबंदी अंगावर लोंबायला लागली. वहिनीनं त्याला अक्षरशः हाताला धरून ट्रकमध्ये घातलं आणि माझ्याकडं आणलं. मी दोघांना आमच्या गल्लीजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, दादाची लघवी थेंबाथेंबानं त्यात सोडली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटकरी. वहिनी डोळे फाडून बघत होती. "आगं बया! ह्याची तर वीट झाली!" डॉक्टर हसले नाहीत. मधुमेह आहे म्हणाले, रक्तातली साखर आवरत नाही म्हणून ती लघवीवाटे जाते. आणि तशीच राहिली तर डोळे, पाय, काळीज, एकेक करून सगळं धरते.

साखर, गूळ, ऊस, काकवी, पोळीवरचं पुरण... डॉक्टर एकेक पदार्थ बंद करत गेले तशी वहिनीची मान खाली जात राहिली. जणू तिचंच बंद होत होतं. शेवटी तिनं विचारलं, "मग साहेब, ह्यास्नी खायाला घालू तरी काय?" त्यावर त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण त्या माणसानं उगाच मोठा आव आणला नाही. "मेथी घाला, कारलं घाला, गवार, शेपू, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, डाळी, ज्वारीची भाकरी. कारल्यामेथीत साखरेला आवरणारं काहीतरी असतं असं जुने वैद्य म्हणत आले. नेमकं काय असतं ते आम्हाला अजून नीट उमगलेलं नाही. पण पालेभाजीनं पोट भरतं, साखर सावकाश चढते, काळजालाही ते बरं. एवढंच लक्षात ठेवा की हे गोडाच्या जागी खायचं, गोडाच्या जोडीला नाही." वहिनीनं मान डोलावली. परत जाताना तिनं बाजारातून कारल्याचं बी घेतलं.

पुढं जे सुरू झालं ते बघायला मी सुट्टीत मुद्दाम कळसला जायची. घराच्या नि विहिरीच्या मधल्या तुकड्यात तिनं कारल्याचा मांडव घातला, त्याखाली मेथी, कडेनं शेवगा. जांभळाच्या बिया वाळवून कुटून ठेवल्या. सकाळी उठलं की कारल्याचा रस. आजारी बैलाला औषध पाजताना दोघं धरतात, तशी ती एकटी दादाला धरायची. दादा अंगणात तोंड वेडंवाकडं करत फेऱ्या मारायचा आणि मला सांगायचा, "इंदू, ही बया मला जिता ठिवून मारनार बघ." ती आतून ओरडायची, "मारते व्हय? गिळा गुमान!" भाजीत चवीला खडाभर गूळ घालायची आमच्याकडची रीत, ती तिनं मोडली. चहाच बंद केला. आणि खरंच, काही महिन्यांनी डॉक्टरांच्या नळीतली वीट जाऊन हिरवा रंग आला, पुढं एकदा तर नळी तापवून तापवून निळीची निळीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "तात्या, पथ्य तुमचं खरं, पण निम्मं औषध या बाईंचं आहे." त्या निळ्या रंगाचा तिला एवढा अभिमान वाटला की त्या दिवाळीला तिनं तस्सल्याच रंगाचं लुगडं घेतलं आणि दुकानदाराला म्हणाली, "दवाखान्यातल्या नळीवानी दावा." तो बिचारा काय दाखवणार!

मलाही ती पाठवायची. "तुमी त्यांच्या पाठच्या. रगत येकच. तुमाला बी खायाला पायजे." म्हणून ती 'कळसची डाक' सुरू झाली. पण एक गोष्ट होती. ती स्वतः त्यातलं काहीही खात नसे. एकदा मी विचारलं, "वैनी, एवढी कारली लागतात, तू का नाही गं खात?" तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मास्तरीण होऊन मी अक्कल गहाण टाकली आहे. "त्यांचं औषध हाय ते, वन्सं. औषध कोन वाटून खातं व्हय?" मला हसू आलं. तिचं म्हणणं त्या वेळी बरोबरच वाटलं.

ताटाचंही सांगायला हवं. आमच्याकडं, आणि आमच्याकडंच का, त्या सगळ्या भागात, नवरा जेवून उठला की त्याच ताटात बायको जेवते. दादाची काठ असलेली एक जुनी पितळी होती, तो त्यातच जेवायचा आणि मग तीच पितळी पुढं ओढून वहिनी. आता सणाचं ताट म्हटलं की त्यात गोड वाढायलाच हवं. घरच्या कर्त्या माणसाचं ताट सणाला गोडावाचून ठेवणं अभद्र. म्हणून होळीला, बेंदराला, पाडव्याला ती दादाला अख्खी पुरणपोळी वाढायची, वर गुळवणी. दादानं त्याला फक्त बोट लावायचं आणि पोळी पितळीच्या कडेला सारायची. भाजी, चटणी, कोशिंबीर तो चाटूनपुसून संपवायचा, कारण ती मागं राहिली तर वहिनीचा ओरडा बसायचा. तो उठला की वहिनी बसायची. ताटात दादाची पोळी असायचीच, त्यावर स्वतःची. पितळीत पडलेलं टाकायचं नाही, गायीला घालायचं नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच. आणि नुसते सण नाहीत. पाहुणा आला की शिरा, लग्नाच्या पंगतीचे लाडू, लासुर्ण्याहून गुऱ्हाळातली काकवी, सगळं दादाच्या पुढं मानानं वाढलं जायचं आणि तिच्या पोटात जायचं.

मी एकदा तिला म्हटलं, "वैनी, वेगळं ताट घेत जा की. शाळेत आम्ही पोरींना शिकवतो, उष्टं खाऊ नये." ती पोळीचा घास तोंडात कोंबत हसली. "शिकवा की शाळंत. अवो वन्सं, त्यांच्या ताटातली इडापिडा मी पोटात घालते, म्हंजी त्यास्नी लागायची न्हाय. झालं!" ती हे गमतीनं बोलली, पण नुसतं गमतीनं नाही. तिच्या मनात ते कुठंतरी खरं होतं. दादाच्या वाट्याचं कडू दादानं खायचं, दादाच्या वाट्याचं गोड तिनं. असा तिनं त्या आजाराशी आपल्यापुरता व्यवहार केला होता. नळी निळी येत होती, तेव्हा तो व्यवहार चुकतोय असं तिला वाटण्याचं काही कारण नव्हतं.

मग दोनेक वर्षांपूर्वी न्हाणीत पुन्हा मुंग्या दिसल्या.

मी त्या वेळी कळसलाच होते. घराच्या मागं पत्रे उभे करून केलेली न्हाणी, तिच्या कोपऱ्यात मुंग्यांची काळी रेघ. वहिनी बाहेर आली ती कमरेला पदर खोचूनच. "चोरून खाल्लंसा न्हवं? कुठं खाल्लंसा? कुनाच्यात खाल्लंसा?" दादा बिचारा रानात पाटाचं पाणी धरून आलेला, पायाला चिखल. तो शपथा घ्यायला लागला. खंडोबाची घेतली, बैलांची घेतली, शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली. "इंदूच्यान सांगतो, गुळाचा खडा बी जिभंला लावला न्हाय गं!" पण हिचा विश्वास बसेना. एवढी वर्षं मांडव घातले, रस काढले, जांभळाच्या बिया कुटल्या, आणि हा माणूस पाठीमागं गोड खातो... तिला फार लागलं ते. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी बोलेना. गुळाचा डबा उचलून तिनं आपल्या ट्रंकेत ठेवला आणि किल्ली गळ्यात बांधली. पुढच्या बाजाराला त्याला ओढून डॉक्टरांकडं आणलं. नळी तापवली. निळी. पुन्हा तापवली, निळीच. "साहेब, तुमची बाटली शिळी झाली जनू," ही म्हणाली. डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, मीही हसले. दादा मात्र हसला नाही. आपल्यावर आळ राहिलाच, एवढं त्याला कळलं होतं.

घरातली न्हाणी एरवी ती दोघंच वापरत होती. हे वाक्य मी आता इतक्या सहज लिहिलं. तेव्हा ते आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही... डॉक्टरांच्या नाही, माझ्या नाही, दादाच्या नाही आणि तिच्या तर नाहीच. आजारी दादा होता. घरातला आजार त्याच्या नावावर होता. दोष कुणाचा हे शोधत बसायचं आता माझ्यात त्राण नाही, आणि शोधून कुणी परत येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. शेतातल्या बाईला काटा म्हणजे काय कौतुक! सुईनं काढला, वर बिब्बा लावला, कामाला लागली. तो भरेना. पाऊस लागला तरी भरेना. पाय सुजून टाचेकडं काळा पडायला लागला तेव्हा दादानं तिला ट्रकमध्ये घातलं. आधी तिनं त्याला आणलं होतं, आता त्यानं तिला. डॉक्टरांनी पाय बघितला, तिच्याकडं बघितलं, आणि कंपाउंडरला नळी आणायला सांगितली. या खेपेला हिरवं, पिवळं काही नीट दिसलंच नाही. नळी एकदम विटकरी झाली. दादा उठून उभा राहिला. "साहेब, नळी बदलली. ही माझी आसंल. माझी हाय साखर, हिला न्हाय."

"नळी बरोबर आहे, तात्या. यांचीच आहे. आणि आजची नाही, बरीच जुनी आहे."

बाहेर टांग्याच्या घोड्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. मला वाटलं वहिनी घाबरेल, रडेल, पायाचं काय म्हणून विचारेल. ती आधी नुसती त्या नळीकडं बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं आणि ती दादाकडं वळली. "म्हंजी... त्या मुंग्या माझ्या व्हत्या व्हय?" दादा खाली बसला. "म्हंजी तुमी खरं बोलत व्हता. तुमी न्हवतं खाल्लं." आणि माझ्या वहिनीच्या तोंडावर, देवाशपथ सांगते, आनंद होता. दोन वर्षं ती जे मनात घेऊन कुढत होती ते उतरलं होतं. दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला तिथं उभं राहवेना, तरी उभी राहिले.

डॉक्टरांनी मग तिला हळूच विचारलं, काय काय खाता. तिनं सगळं सांगितलं, ताटाचंसुद्धा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही तात्यांना जे घालत होता, तेच तुम्ही खाल्लं असतं..." एवढं बोलून थांबले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ती माझ्याकडं राहिली. रोज पायाला पट्टी, रोज सुई. पहिल्या दिवशी मी कारल्याची भाजी केली, तिच्याच मांडवातली, आणि वेगळ्या ताटात वाढली. तिनं एक घास घेतला आणि तिचे डोळेच मिटले. "आगं आई गं! कसलं कडू हे, वन्सं! हे खात व्हते व्हय ते येवढी वरसं?" मग चावायची थांबली. "आन् मी वराडत व्हते, गिळा म्हनून." खूप हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला म्हणाली, कडूनं आलं. त्या दिवसांत आम्ही दोघी पुन्हा त्या गुळाच्या ढेपेच्या वेळेसारख्या झालो होतो. फरक एवढाच की आता समोर मेथी होती. दादा ट्रकनं यायचा, तिच्या खाटेपाशी बसायचा, पावसाचं बोलायचा, पाटाचं बोलायचा. एकदा तिच्या गळ्यातली ती ट्रंकेची किल्ली त्याला दिसली. तिनं ती काढून त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिथं काय हाय आता." ती म्हणाली, "गूळ हाय. म्हशीच्या आंबुन्यात घाला."

पाय थोडा निवळला होता, पण छातीनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, साखरेनं आतून पोखरलंय. पुण्याला नेऊन बघू. वहिनीनं ऐकलं नाही. "मांडवाखाली खाट टाका आन् मला तितं ठिवा." घेऊन गेले. खाटेवरून ती हात करून सांगायची, ते कारलं जून झालं, ते तोडा, ते वन्संना पाठवा. फडक्यातली ती शेवटची कारली अशीच, दादानं तोडलेली आणि तिनं बोटानं दाखवलेली.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि म्हणत होत्या, "भाग्याची गं, कुंकवानं गेली! अहेव गेली!" मला त्या बायकांचा इतका राग आला म्हणून सांगू! वाईट मनानं म्हणत नव्हत्या त्या, रीतच आहे तशी. पण मला ओरडून सांगावंसं वाटलं, कसलं भाग्य? कुंकवाला जपता जपता गेली ती. ओरडले नाही. माझ्या कपाळावर कुंकू नाही, माझ्या तोंडून ते कुणी ऐकून घेतलं नसतं. हिरवं लुगडं नेसवून तिला नेलं. निळं मी मागून घेतलं, ते माझ्याकडं आहे.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. दादाची लेक, माझी भाची चंपा, इंदापूरला दिलेली, ती वाढत होती. दादाच्या पितळीत तिनं रीतीप्रमाणं लापशी वाढली. दादानं बोट लावलं, लापशी कडेला सारली, बाकीचं चार घास खाल्लं, आणि उठताना नेहमीच्या सवयीनं पितळी चुलीच्या बाजूला सरकवली. हात धुवून आला तर पितळी तिथंच. चंपा माझ्याकडं बघायला लागली. नवऱ्याच्या ताटात बसणारी कुणी नव्हती. दादा बराच वेळ उभा राहिला, मग बाहेर निघून गेला. लापशी गायीला घातली.

परवाच्या रविवारी मी पुन्हा कळसला जाऊन आले. दादा बरा आहे. डॉक्टर म्हणतात नळी अजून निळी आहे. मांडव तसाच आहे, पाणी तोच देतो. कारली लोंबत होती, मी तोडली आणि तिच्यासारखी भाजी केली. गूळ न घालता, कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घालून. दादाला पितळीत वाढली, दोन भाकऱ्या, जवसाची चटणी. मी समोर बसले. तो गुमान जेवत होता. भाकरी संपली, चटणी संपली. कारलं त्यानं निम्मंच खाल्लं. उरलेलं निम्मं बोटानं एका कडेला नीट सारलं आणि पितळी चुलीकडं सरकवली.

"का रे दादा? मीठ जास्त झालं का?"

"न्हाय गं." तो तिकडंच बघत होता. "निम्मं तिचं. येक दिस म्हनलो न्हाय, इंदू, की निम्मं तू खा. तिनं वाढलं, मी खात बसलो."

तो हात धुवायला न्हाणीकडं गेला. माझं जेवण व्हायचं होतं. मी माझ्यासाठी वेगळं ताट काढून ठेवलं होतं, ते उचलून परत मांडणीवर ठेवलं. पितळी पुढं ओढली, भाकरीचा तुकडा मोडला आणि वहिनीच्या वाट्याचं कारलं खायला बसले. फार कडू होतं. मी ते सगळं संपवलं.